विद्यापीठातील परका कोण?

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो असा : ‘आंतरराष्ट्रीय उच्च शिक्षणातील भाषा आणि संस्कृती यांची विविधता’. विषयाचे हे लांबलचक नाव ऐकून आम्ही प्रथम बिचकलोच. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. त्यापुढे जे काही शिकलो ते यंत्रापाशी, युनियनच्या कचेरीत आणि औरंगपुऱ्यातल्या वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्यापीठाविषयी बोलण्याचा यांना अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर ते गैर होणार नाही. आमचे उत्तर एवढेच की, निरनिराळ्या भाषांची माणसे एका छपराखाली आणून त्यांच्याकडून एक काम करून घेणे म्हणजे काय, हे आम्ही तीस वर्षे रोज पाहत आलो आहोत. विद्यापीठ हेही शेवटी असे एक छप्परच आहे.

आरंभ एका अपघाताने करतो. वाळूजच्या एका कारखान्यात ओडिशाहून आलेला एक पोरगा कंत्राटी कामावर लागला. वय वीस-एकवीस. सुपरवायझरने त्याला प्रेस कशी चालवायची ते मराठी-हिंदीच्या मिश्रणात सांगितले आणि शेवटी विचारले, “समझा?” पोराने मान डोलावून “हां” म्हटले. तिसऱ्या दिवशी त्याची दोन बोटे गेली. चौकशीत सुपरवायझर म्हणाला, “साहेब, मी त्याला विचारले होते, तो हो म्हणाला.” तो खोटे बोलत नव्हता. पोरगाही खोटे बोलला नव्हता. नवख्या माणसाला परमुलखात “नाही समजले” म्हणायला जो धीर लागतो, तो त्याच्यापाशी नव्हता. आणि कोणते समजले नाही, हे सांगायला लागणारे शब्दही नव्हते.

त्या दिवसापासून “समजले का?” हा प्रश्न आम्ही आमच्यापुरता बाद केला. आम्ही म्हणतो, “करून दाखव.” आज विद्यापीठाविषयी जे सांगायचे आहे, त्याचे मूळ या दोन शब्दांत आहे. वर्गात मान डोलावणारा विद्यार्थी शिकतो आहेच असे नाही. त्याला प्रश्न विचारता येतो की नाही, हे पाहिले पाहिजे. ज्याला विचारता येत नाही, तो प्रवेश मिळूनही दाराबाहेरच उभा असतो.

आता इतिहासाकडे वळू. युरोपात विद्यापीठाला ज्या शब्दापासून नाव पडले, तो लॅटिन शब्द ‘युनिव्हर्सितास’. त्याचा मूळचा अर्थ संघ, म्हणजे एका कामाच्या माणसांची जूट. वाचनालयात हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस केवढा आनंद झाला म्हणून सांगावे! इटलीतील बोलोन्या शहरात बाराव्या शतकात कायदा शिकण्यासाठी दूरदूरचे विद्यार्थी येत. ते त्या नगराचे नागरिक नव्हते; नगराचा कायदा त्यांचे रक्षण करीत नसे. एका परदेशी माणसाने कर्ज बुडविले, तर त्याच्या मुलखातल्या भलत्याच विद्यार्थ्याला धरून वसुली करावी, अशीही चाल होती. ती बंद करण्यासाठी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याला सन ११५५ च्या सुमारास विद्यार्थ्यांना संरक्षण देणारे फर्मान काढावे लागले. पण केवळ फर्मानावर विसंबून न राहता विद्यार्थ्यांनी मुलखामुलखाचे संघ बांधले. हे संघ खोल्यांची भाडी ठरवीत. एवढेच नव्हे, तर शिक्षक वर्गात उशिरा आला तर त्याला दंड करीत! गावच्या विद्यार्थ्यांना संघाची गरज नव्हती; गरज होती ती परक्यांना. म्हणजे आज आपण ज्याला ‘परदेशी विद्यार्थ्यांचा प्रश्न’ म्हणतो, तो विद्यापीठाला मागाहून चिकटलेला नाही. बोलोन्याचे विद्यापीठ त्या प्रश्नातूनच जन्मले.

आपल्याकडचा दाखला याहून जुना आहे. सातव्या शतकात चीनचा भिक्षू ह्युएन त्संग नालंदेस शिकला आणि परत जाताना ६५७ ग्रंथ घेऊन गेला. त्याच्यामागून सन ६७१ मध्ये निघालेला इत्सिंग हा भिक्षू तर आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. तो थेट नालंदेस आला नाही. वाटेत सुमात्रा बेटावर श्रीविजय नावाचे राज्य होते. तेथे सहा महिने थांबून त्याने संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला. पुढे त्याने आपल्या देशबांधवांना लिहून ठेवले की, हिंदुस्थानात शिकायला जाणाराने आधी श्रीविजयास एक-दोन वर्षे राहून तयारी करावी. परक्या भाषेत ज्ञान मिळविण्याआधी त्या भाषेची उजळणी लागते आणि त्या उजळणीला वेळ द्यावा लागतो, ही अक्कल साडेतेराशे वर्षांपूर्वी माणसाला होती. आज प्रवेशअर्ज, फी आणि व्हिसा यांचा हिशेब चोख होतो. श्रीविजय मात्र बहुतेकांच्या नकाशात नसते.

आता आपल्या गावात येऊ. हे नगर वसवले कोणी? हबसाणात जन्मलेल्या, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि बगदादमार्गे दक्षिणेत आलेल्या मलिक अंबरने. त्याने १६१० साली खडकी येथे राजधानी वसवली. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने नांदते आहे. पाणचक्कीपाशी ज्यांची कबर आहे, ते बाबा शाह मुसाफिर मध्य आशियातून, बुखाऱ्याकडून आलेले. परका माणूस या गावाला नवा नाही. तरीही शिक्षणाच्या बाबतीत याच गावाने भाषेचे फटके खाल्ले आहेत. कसे ते सांगतो.

निजामाच्या राज्यात १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. सगळा देश उच्च शिक्षण इंग्रजीतून घेत असता या विद्यापीठाने उर्दू हे माध्यम धरले. त्यासाठी १९१७ पासूनच भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले आणि गणित, विज्ञान, इतिहास, कायदा यांची पुस्तके उर्दूत आणली. इंग्रजी हा विषयही सक्तीचा ठेवला. आपल्या गावात १९२३ साली या विद्यापीठाचे इंटरपर्यंतचे महाविद्यालय निघाले. तेच आजचे शासकीय महाविद्यालय. बाबा-ए-उर्दू म्हणून ज्यांना मान मिळाला ते मौलवी अब्दुल हक या महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय कित्येक वर्षे त्यांनी येथूनच चालवले.

या प्रयोगाकडे आपण दोन्ही डोळ्यांनी पाहिले पाहिजे. देशी भाषेत मोठे शास्त्र मावत नाही, हा इंग्रजांचा आणि आपल्यातल्याही पुष्कळ विद्वानांचा समज उस्मानियाने खोटा पाडला. हे काम मोठे होते आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. पण त्याच राज्यात बहुसंख्य लोकांच्या घरी मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलली जाई. पैठण किंवा कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला उर्दू ही इंग्रजीइतकी दूरची नसेल; तरी ती त्याच्या आईची भाषा नव्हती. एकाचे अंगण मोठे करताना दुसऱ्याचा उंबरा उंच झाला.

आणि भाषेच्या पाठोपाठ संस्कृतीही येते. १९३८ साली आपल्या येथील महाविद्यालयाच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला, त्याला मनाई झाली, आणि त्यातून उठलेला संप हैदराबादपर्यंत पोहोचला. शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठ सोडावे लागले. त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. ज्या संस्थेत आपल्या मनातले म्हणता येत नाही, तेथून विद्यार्थी उठून जातात. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली आणि उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. एक पाटी उतरली, दुसरी चढली. शेतकऱ्याच्या पोराच्या दृष्टीने प्रश्न होता तेथेच राहिला.

याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर या गावात आले. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय उघडले. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. भाषेचा उंबरा किती उंच असतो, हे बाबासाहेबांना कोणी सांगायला नको होते. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, मग लंडनला शिकले; मध्यंतरी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातले. आपल्या गावच्या शाळेत जो परका ठरला, त्याला परदेशी विद्यापीठाने बाकावर बसवले! परका कोण हे पारपत्रावरून ठरत नाही. ते दार उघडणारा ठरवतो, हे यावरून ध्यानात यावे.

बाबासाहेबांच्या या महाविद्यालयाचे नाव मिलिंद, आणि परिसराचे नाव नागसेनवन. ही नावे आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो, पण त्यांच्या अर्थाकडे लक्ष जात नाही. मिलिंद म्हणजे मिनँडर, वायव्येकडे राज्य करणारा ग्रीक वंशाचा राजा. काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक. नागसेन हा बौद्ध भिक्षू. राजाने प्रश्न विचारावेत आणि भिक्षूने उत्तरे द्यावीत, असा ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ आहे. त्याचे जुने रूप चिनी भाषांतरातही टिकले आहे. त्यात एक प्रसंग असा की, राजा म्हणतो, माझ्याशी चर्चा करा. त्यावर नागसेन विचारतो, चर्चा पंडितांच्या रीतीने करणार की राजांच्या रीतीने? पंडितांच्या चर्चेत एकाने दुसऱ्याची चूक दाखवली तरी कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत मात्र जो विरुद्ध बोलेल त्याला शिक्षा होते. राजा पंडितांची रीत पत्करतो, आणि मगच संवाद पुढे चालतो.

मालकांशी वाटाघाटी करताना हा प्रसंग आम्हांस कितीदा आठवला असेल! ज्याच्या भाषेत बोलणी चालतात, तो टेबलाच्या कोणत्याही बाजूला बसला तरी राजाच असतो. करारनामा इंग्रजीत असला की आमचे अर्धे सभासद आधीच हरलेले असत. म्हणून प्रत्येक करार मराठीत आणि हिंदीत वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, असा नियम आम्ही केला. त्याने बोलणी लांबली. पण नंतरची भांडणे कमी झाली.

आता आजच्या आपल्या विद्यापीठाकडे पाहा. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव मिळायला मात्र १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्यासाठी झालेला लढा आणि त्यात गेलेले जीव आपण विसरलेलो नाही. या विद्यापीठात येमेन, सुदान, इराक, थायलंड अशा देशांचे विद्यार्थी येत आले आहेत. अरबी बोलणारे तरुण इंग्रजी साहित्यावर प्रबंध लिहितात. थायलंडचे भिक्षू बौद्ध तत्त्वज्ञान शिकतात. येमेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा तेथील विद्यार्थ्यांच्या पोटात काय कालवाकालव झाली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. हे विद्यार्थी वर्गात इंग्रजी ऐकतात, बाजारात दखनी ऐकतात, घरमालकाशी मोडक्या हिंदीत बोलतात आणि रात्री फोनवर आपल्या भाषेत रडतात किंवा हसतात.

त्यांच्याच बाकावर आपला गंगापूरचा किंवा सिल्लोडचा मुलगा बसलेला असतो. बारावीपर्यंत त्याचे शिक्षण मराठीत झालेले. प्राध्यापक इंग्रजीत व्याख्यान देतात, मुलांचे चेहरे पाहून मध्येच मराठीत समजावून सांगतात. त्या क्षणी सिल्लोडच्या मुलाचा चेहरा उजळतो आणि येमेनच्या मुलाचा मावळतो. प्राध्यापक पुन्हा इंग्रजीवर गेले की उलट होते. यात प्राध्यापकांचा दोष नाही; एका फडक्याने दोन ओझी बांधायला त्यांना सांगितले आहे. पण येथेच घोडे पेंड खाते. हे दोन तरुण एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. दोघांचे दुखणे एकच आहे. दोघेही “येस सर” म्हणतात. दोघांनाही प्रश्न विचारता येत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना सुचवले की, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यास स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. सूचना चांगली आहे. सिल्लोडच्या मुलाला तिने आधार मिळेल. पण परीक्षा हा शेवटचा दिवस झाला. त्याआधीच्या दोनशे दिवसांत त्याला, आणि त्याच्या शेजारच्या येमेनी मित्राला, काय समजले याची काळजी कोणी वाहायची?

भाषेइतकाच रीतिरिवाजांचाही प्रश्न असतो. आमच्या एका सभासदाची मुलगी जर्मनीत अभियांत्रिकीच्या पुढच्या शिक्षणासाठी गेली. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नसते, थोडी वर्गणी भरावी लागते. म्हणून कामगाराच्या मुलीला हे शक्य झाले. अभ्यासक्रम इंग्रजीत होता. तिला वाटले, चला, भाषेचे काम झाले. पण घरभाड्याचा करार जर्मन, डॉक्टरच्या दारावरची पाटी जर्मन, सरकारी कचेरीतला कागद जर्मन. त्याहून मोठी अडचण वर्गात आली. चर्चेत ती गप्प बसे. आपल्याकडे शिक्षकांपुढे गप्प बसणे हा मान. तेथे त्याचा अर्थ ‘हिला काही म्हणायचे नाही’ असा झाला. एके दिवशी शिक्षकांनी वर्गाला चार-चारांच्या गटांत बसवून आधी आपसात बोलायला लावले, मग प्रत्येक गटाकडून एक शंका मागितली. त्या दिवशी ती प्रथम बोलली. मुलगी तीच होती. फक्त विचारण्याची रीत बदलली होती.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. एवढ्या भाषा सांभाळत बसलो तर शिकवायचे केव्हा? कोणती तरी एक सामाईक भाषा नको काय? हवी. इंग्रजीशी आमचे वैर नाही. येमेनच्या आणि सिल्लोडच्या मुलाला एकमेकांशी बोलायला आज तीच भाषा सोयीची आहे. पण सामाईक भाषा हा पूल आहे. पुलावर कोणी घर बांधत नाही, आणि पुलापर्यंतचा रस्ता दोन्ही तीरांवर लागतो. दुसरा आक्षेप दर्जाचा. समजावून सांगण्याने दर्जा घसरतो, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या कारखान्यात यावे. न समजता चालवलेल्या यंत्रातून माल चांगला निघत नाही, आणि बोटे जातात ती निराळीच.

मग करावे काय? कामगार पुढारी म्हटला की मागण्यांची यादी आलीच. आमच्या मागण्या चारच आहेत. पहिली, श्रीविजय बांधा : परदेशी आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या सत्रात एकत्र भाषावर्ग असावा, आणि त्याचा वेळ अभ्यासाचाच वेळ धरावा. परदेशी विद्यार्थ्यांकडून जादा फी घेतली जाते; त्यातला काही भाग या कामी लागला तर ते दान ठरणार नाही, देणे फेडल्यासारखे होईल. दुसरी, प्रत्येक विषयातील मुख्य संज्ञांची इंग्रजी, मराठी, हिंदी, उर्दू आणि अरबी अशी छोटी यादी विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी. उस्मानियाच्या भाषांतर खात्याने जे मोठ्या प्रमाणावर केले, ते एका वर्गाला वहीच्या वीस पानांत करता येईल. तिसरी, वर्गात “समजले का?” ऐवजी “तुझ्या शब्दांत सांग” असे म्हणावे, आणि तोंडी विचारायला धीर नसेल तर चिठ्ठीवर, वाटेल त्या भाषेत, प्रश्न लिहू द्यावा, वाचून सांगणारा कोणी ना कोणी वर्गात सापडतोच. चौथी मागणी विद्यापीठाकडे नाही, आपल्याकडे आहे. खोली भाड्याने देताना, किराणा मोजताना, ईद आणि बुद्धपौर्णिमेला, या मुलांशी दोन वाक्ये जास्त बोलावीत. बोलोन्याच्या विद्यार्थ्यांना नगराविरुद्ध संघ बांधावा लागला. आपल्या नगरात ती पाळी का यावी?

बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपले लोक म्हणत आले. ते ही अडचण म्हणून म्हणत नाहीत. चालणाऱ्या माणसाचा तो अनुभव आहे. भाषा बदलली म्हणून कोणी प्रवास थांबवला नाही. पुढच्या गावी पाणी मागण्यापुरते शब्द शिकून घेतले.

त्या ओडिया पोराला नुकसानभरपाई मिळाली. ती मिळवायला आम्हांस दोन वर्षे लागली. पुढे तो युनियनच्या कामात आला आणि नव्या मुलांना यंत्र दाखवू लागला. नवखा “हां” म्हणाला की तो आपला हात पुढे करून दाखवतो आणि तीन भाषांत विचारतो, “काय समजले ते सांग.” नागसेनवनाच्या रस्त्याने जाताना आम्हांस त्याची आठवण येते. ग्रीक राजाने विचारावे आणि भिक्षूने न भिता उत्तर द्यावे, ही ज्या महाविद्यालयाच्या नावाची कथा, त्याच्या गावात कोणत्याही देशाच्या, कोणत्याही तालुक्याच्या विद्यार्थ्याला प्रश्न गिळून घरी जावे लागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.